रोज लागणाऱ्या पानांची परसबाग: कोथिंबीर, कढीपत्ता, गवती चहा आणि घरची औषधी झाडं

मृद्गंधा

आठवड्याला आपल्या घरात कोथिंबिरीच्या किती जुड्या संपतात, ते आधी कागदावर लिहा आणि मग कुंड्या घ्यायला निघा. बहुतेक घरांत हे उलटं होतं. नर्सरीतून रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर अशी दहा रोपं येतात, त्यातलं एकही पान आमटीत पडत नाही, आणि रोज लागणारा कढीपत्ता मात्र भाजीवाल्याकडूनच येत राहतो. ज्या झाडाचं पान रोज तोडायचं असतं त्याच्याकडे रोज नजर जाते, कीड पहिल्या दोन दिवसांत दिसते, पाणी चुकत नाही. घरातल्या बागेत टिकतं ते हेच झाड.

चार माणसांच्या साध्या मराठी स्वयंपाकाला धरून हा अंदाज:

कढीपत्त्याची दोन झाडं लावा, म्हणजे एकाला विश्रांती देता येते. गवती चहाचं एक बेट पुरून उरतं. पुदिन्याला दोन पसरट तगाऱ्या, पानओव्याची एक कुंडी, तुळशी दोन-तीन, आल्याच्या आणि हळदीच्या तीन-तीन पिशव्या. जागा असेल तर कुंपणाला अडुळसा.

कोथिंबिरीचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण अपेक्षाभंग तिथेच होतो. दीड फूट बाय एक फूट क्रेटमधून एका वेळी साधारण एक मध्यम जुडी निघते. मुळासकट न उपटता कात्रीने कापली तर पुढे अर्ध्या जुडीचा दुसरा तोडा मिळतो. पेरणीपासून दुसऱ्या तोड्यापर्यंत ५० दिवस जातात. म्हणजे सहा क्रेट ठेवून दर आठ दिवसांनी एक पेरत गेलात, तर आठवड्याला जेमतेम सव्वा जुडी हाती येते. 'कोथिंबीर घरचीच' म्हणायचं असेल तर दहा-बारा क्रेट हवेत. एवढी जागा नसेल तर सहा क्रेटच ठेवा आणि उरलेली बिनदिक्कत विकत घ्या.

कुंडीतलं मिश्रण: ४ भाग माती, ३ भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, २ भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट, १ भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू. १२ इंची कुंडीला वरून मूठभर निंबोळी पेंड. देशावरची काळी माती असेल तर तिचा वाटा ३ वर आणा आणि तूस-वाळू २ करा, नाहीतर पावसात चिखल आणि मार्चमध्ये भेगा. तळाच्या भोकावर एक खापरी उपडी ठेवली की झालं. तळाशी खडीचा जाड थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, कारण पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते.

प्रत्येकाने आपापल्या भागाप्रमाणे भर घालावी.

शेवंती

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. गच्चीवर किती वजन चालतं? सोसायटीत हाच प्रश्न पहिला येतो.

ओळंबा

@शेवंती, माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो चल भार (स्लॅबवर वावरणारी माणसं आणि ठेवलेल्या वस्तू यांचं वजन) धरतात. १२ इंची कुंडीत १५-१६ लिटर मिश्रण बसतं आणि पाणी दिल्यावर ती २० किलोच्या आसपास जाते. चौरस मीटरला चार कुंड्या म्हणजे ८० किलो, त्यात काळजीचं काही नाही. अडचण येते २०० लिटरचे ड्रम अर्धे कापून मातीने भरल्यावर. असा अर्धा ड्रम भिजल्यावर सहज दीडशे किलो होतो आणि तो सगळा भार पाव चौरस मीटरवर पडतो. असे ड्रम स्लॅबच्या मधोमध कधीही नकोत. खाली जिथे तुळई किंवा भिंत आहे तिथेच, कडेला, एकमेकांपासून अंतर राखून ठेवा. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालच्या बाजूला गिलावा फुगलेला किंवा गंजाचे डाग असतील, तर कुंड्या चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

गळती वजनामुळे क्वचित होते. ती होते कुंडी थेट फरशीवर टेकवल्यामुळे. खाली कायम ओल राहते, मुळं भोकातून बाहेर येऊन सांध्यात शिरतात. प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, जमिनीपासून निदान तीन इंच वर. वड-पिंपळाचं इवलंसं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा, नुसतं वरून खुडून उपयोग नाही.

नवशिकी_सई

किराणा दुकानातले धणे पेरले तर उगवत का नाहीत? पंधरा दिवस झाले तरी काही दिसत नाही, अशी पुष्कळांची तक्रार असते.

मृद्गंधा

@सई, किराणातले धणे उगवतात, फक्त वर्षभराच्या आतले हवेत. हातात घेऊन चोळून बघा. हिरवट छटा आणि दरवळ असेल तर ताजे. तपकिरी, वास मेलेले धणे फोडणीला ठेवा.

आपण ज्याला धणा म्हणतो ते फळ आहे, आत दोन बिया असतात. पोळपाटावर सुती फडकं, त्यावर धणे, आणि वरून लाटणं हलक्या हाताने एकदाच फिरवायचं. कट् असा आवाज येऊन दोन वाट्या सुट्या झाल्या पाहिजेत. भुगा पडायला लागला की दाब जास्त झाला, आतला कोंब चिरडतो आणि ते बी वाया जातं. नंतर १०-१२ तास साध्या पाण्यात, मग पाणी काढून ओल्या फडक्यात आणखी एक दिवस. क्रेटमध्ये किमान सहा इंच माती हवी, कारण सोटमूळ सरळ खाली जातं. त्याच कारणाने रोपं उपटून दुसरीकडे लावता येत नाहीत, पेरायची ती जागेवरच.

एका क्रेटला एक मोठा चमचा धणे पुरे. मूठभर टाकले की रोपं दाटीने येतात, बुडाशी हवा खेळत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात गोल पट्ट्यांत आडवी पडतात. तो मर रोग. तसं झालं की त्या जागेवरची माती काढून टाका, दोन दिवस पाणी तोडा.

बी अर्ध्या इंचाच्या आत झाका. थंडीत ८ ते १२ दिवस लागतात, तेवढे दिवस वर ओलं गोणपाट टाका आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच काढा. पंधरा दिवसांत काही नसेल तर एका कोपऱ्यात बोटाने उकरा. बी मऊ, काळं असेल तर पाणी जास्त झालं. जसंच्या तसं कडक असेल तर भिजलंच नाही. आणि जागेवर नुसती टरफलं असतील तर मुंग्या किंवा चिमण्या.

उन्हाळी_पाखरू

नागपूरकडून भर घालतो. वरचं सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारीसाठी बरोबर आहे. मार्चच्या मध्यानंतर इकडे कोथिंबीर बोटभर वाढली की थेट फुलावर येते, पानं शेपूसारखी चिरलेली होतात आणि चव कडवट. ते बियाण्याचं किंवा खताचं काम नाही. तापमान तिशीच्या वर टिकून राहिलं आणि दिवस मोठा झाला की झाड बी धरण्याच्या मागे लागतं. खत घालून ते थांबत नाही.

५० टक्क्यांची हिरवी शेडनेट क्रेटच्या वर निदान चार फूट उंचीवर बांधा. अगदी जवळ बांधली तर खाली भट्टी होते. पूर्वेचं ऊन दहापर्यंत मिळू द्या, पश्चिमेची बाजू मात्र बंद. पाणी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर. दुपारी पाइपमधलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं, तेच झाडाला घातलं जातं आणि दोष उन्हाला दिला जातो. आधी पाइप रिकामा होऊ द्या. एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये एकच लहान तोडा मिळेल, हे मनाशी धरून चाला.

त्या दोन महिन्यांसाठी नर्सरीत 'लांब पानांची कोथिंबीर' म्हणून मिळतं ते झाड ठेवावं. कातरलेल्या कडांची, जमिनीलगत पसरणारी पानं, वास कोथिंबिरीचाच पण दुप्पट तेज. तिला सावलीच आवडते. मधून येणारा काटेरी तुरा दिसताच मोडायचा, म्हणजे पानं येत राहतात.

जांभ्याची_माती

कोकणचा प्रश्न अगदी उलटा आहे. आमच्याकडे ऊन नव्हे, पाऊस झाडं मारतो. जांभ्या मातीतून पाणी चटकन निघून जातं हे खरं, पण जाताना अन्नद्रव्यंही धुऊन नेतं. त्यामुळे जूनपूर्वी घातलेल्या खतातलं ऑगस्टपर्यंत फारसं उरत नाही. खताचा अर्धा हप्ता मिरगाला आणि अर्धा गणपतीच्या आसपास, असं विभागून द्या.

तुळस, पानओवा, कोरफड ही तीन झाडं जून ते सप्टेंबर पागोळ्यांपासून दूर, ओटीच्या कडेला ठेवायची. पुदिना पावसात माजतो, पण पानांखाली नारिंगी पुळ्या दिसल्या की तांबेरा समजा. औषध शोधत बसू नका. सगळा पुदिना जमिनीलगत कापून ती पानं बागेबाहेर टाका, नवी फूट स्वच्छ येते.

हळदीबद्दल सांगतो, कारण पातोळ्यांना पानं हवीत म्हणून ती घरोघर असते आणि पानांच्या हव्यासापायी कंद पोसत नाही. लावणी मेच्या शेवटी. दोन जिवंत डोळे असलेला ३०-४० ग्रॅमचा तुकडा, दोन इंच खोल, डोळा वर. १५ इंच रुंद पिशवीत दोनच तुकडे. पिशवी पूर्ण भरू नका, वरून पाच इंच रिकामी ठेवा. जुलै आणि ऑगस्टमध्ये दोनदा माती-खताची भर द्यायची असते, ती कुठे घालणार? उघडा पडलेला कंद हिरवा होतो आणि कंदमाशी त्यावरच अंडी घालते. नागपंचमीपासून प्रत्येक झाडाची बाहेरची एक-दोन पानं घ्या, मधली सुरळी कधीच तोडू नका. पानं पिवळी पडून आपोआप लोळली, साधारण जानेवारीअखेर, की पंधरा दिवस पाणी तोडून मग काढा.

घरी हळद करायची तर गड्डे आणि बोटं वेगळी शिजवा. कंद बुडेल इतकं पाणी, पाऊण तास, काडी सहज आरपार गेली की बास. कमी शिजली तर वाळताना आत गाभा पांढरा राहतो, जास्त शिजली तर रंग उतरतो. पंधरा दिवस कडक उन्हात, आपटल्यावर खणखणीत आवाज यायला हवा. किलोभर ओल्या हळदीची साधारण दोनशे ग्रॅम पूड होते.

आल्याची लावणी अशीच, फक्त कंद जास्त नाजूक. पिशवीत एक दिवसही पाणी साचलं की कंदकूज, आणि पान पिवळं दिसेपर्यंत खाली लगदा झालेला असतो. लावताना शेणखतात ट्रायकोडर्मा (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड) मिसळून घ्या, किलोला पाच ग्रॅम.

फोडणी

कढीपत्त्यावर कोणी सविस्तर लिहा ना. वर्षभर तसंच्या तसं उभं राहतं, ताक घातलं, एप्सम सॉल्ट घातलं, तरी हलत नाही, असं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं.

कात्रीवाला

@फोडणीताई, त्याला ताकाच्या आधी कात्री लागते.

कढीपत्ता एकाच काठीसारखा वाढत जातो, कारण आपण त्याची खालची पानं ओरबाडतो आणि शेंडा तसाच ठेवतो. नेमकं उलट करायचं. रोप दीड फुटाचं झालं की शेंड्याचे चार इंच उडवा. जिथे पानाचा देठ खोडाला चिकटतो त्या बेचक्यात बारीक ठिपक्यासारखा डोळा असतो, त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप. तीन आठवड्यांत खालचे दोन-तीन डोळे फुटतात. त्या फांद्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे घ्या. रोजची पानंही याच पद्धतीने काढायची, डहाळीचा शेंडा कापून. पानं ओढून काढली की खोडाची साल सोलली जाते, डोळा तिच्याबरोबर जातो आणि त्या जागी पुन्हा कधी फूट येत नाही.

लागवड बियांपासून करायची तर पूर्ण काळी, पिकलेली फळंच घ्या, गर धुऊन काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. वाळवून डबीत ठेवलेलं बी उगवत नाही. मोठ्या झाडाच्या आसपास मुळांतून पोरं फुटतात, पण ती नुसती उपटू नका. आईच्या मुळाशी जोडलेला धागा कुदळीने तोडून महिनाभर जागेवरच राहू द्या. त्याची स्वतःची मुळं धरली की पावसाळ्यात उचला.

देशावर डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळतात. झाड झोपलेलं असतं, मेलेलं नसतं. अशा वेळी घाबरून पाणी आणि खत वाढवलं की मुळं कुजतात. पाणी चार दिवसांआड आणा, खत बंद. फेब्रुवारीत पहिली तांबूस पालवी दिसली की छाटणी आणि दोन ओंजळी शेणखत.

पालवी आली की लिंबावरच्या फुलपाखराची अळी येणारच, कारण कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. ही अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी अंगावर पांढरा पट्टा, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबोटी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माणसाला त्याने इजा नाही. दोन-तीन अळ्या लहान झाडाची सगळी पालवी चार दिवसांत संपवतात. सकाळी पानं उलटून बघा, हाताने उचला आणि जमिनीतल्या मोठ्या झाडावर सोडा. खायच्या पानांवर याच्यासाठी फवारा मारायची गरज नाही.

ताकाबद्दल: पानं फिकट पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल तर लोह मिळत नाहीये. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की असं होतं. ताकाची किंचित आंबट बाजू तिथे थोडी मदत करते. आंबट ताक एक वाटी, पाणी दोन लिटर, महिन्यातून एकदा, बिनमिठाचं. पण कुंडीत मुळांचं वेटोळं झालं असेल तर ताकाने काय होणार? दर दोन वर्षांनी, फेब्रुवारीतच, गोळा बाहेर काढून कडेची एक इंच मुळं कापा आणि नवी माती भरा.

दूरदेशी

थंड देशात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. रात्रीचं तापमान १० अंशांखाली जाण्याआधी कढीपत्ता घरात, दक्षिणेच्या खिडकीत. हीटरच्या झोतात नको. अमेरिकेत येताना सामानातून कढीपत्त्याची पानं, रोप किंवा बी आणू नका. लिंबूवर्गीय बागा मारणारा ग्रीनिंग रोग ज्या किडीबरोबर पसरतो, ती कढीपत्त्यावरही राहते, म्हणून त्याला मनाई आहे. रोप तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्यावं.

अनुपान

औषधी झाडांबद्दल लिहिणं भाग आहे, कारण घरात चुकीचं पान पोटात जातं ते नावांच्या गोंधळाने.

पानओव्याला काही ठिकाणी पत्थरचूर म्हणतात आणि पानफुटीला पत्थरचट्टा, पाषाणभेद असं काहीही म्हणतात. दोन्ही जाड पानांची. पानओव्याचं पान लवदार, चुरडलं की ओव्याचा घमघमाट. भजी याचीच. पानफुटीचं पान गुळगुळीत, वास नाही, आणि कडेच्या खाचांमधून इवली रोपं फुटतात. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, ती स्वयंपाकात नको. आणि मसाल्याचा ओवा पानओव्यापासून मिळत नाही, तो वेगळ्याच झाडाचा.

गुळवेल ओळखताना खोड बघा. खऱ्या गुळवेलीवर पातळ कागदी साल सुटते, खाली हिरवं दिसतं. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असते, तिच्या खोडावर चामखिळीसारख्या उठावदार गाठी असतात. या दोघींची गल्लत करू नका, असं आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. खरी असली तरी यकृताचा त्रास असणाऱ्यांनी किंवा नियमित गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये.

अडुळसा गर्भवतीने पोटात घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. तुळशीचा किंवा अडुळशाचा रस मधातून द्यायची पद्धत आहे, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर लावूनही नाही. कोरफड कापल्यावर पान दहा-पंधरा मिनिटं उभं धरून ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. तो चीक जोरदार रेचक आहे. आतला पारदर्शक गर धुऊन मगच वापरा.

आणि देवाच्या फुलांसाठी कण्हेर असेल तर ती या झाडांच्या रांगेत नको. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी मुलं खेळायला घेतात. तिची बी अत्यंत विषारी असते.

शेवंती

@अनुपान, पानफुटीचा मुद्दा फार महत्त्वाचा. धन्यवाद.

खतावणी

ओल्या कचऱ्याशिवाय हा धागा अपुरा राहील. २० लिटरचा झाकणाचा डबा, बाजूंना चारी अंगांनी अर्ध्या इंची भोकं, तळाला पाच-सहा. तळात चार बोटं वाळका पाचोळा. मग रोज एक भाग ओला कचरा, त्यावर दोन भाग पाचोळा किंवा फाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. आठवड्यातून दोनदा काठीने हलवायचं. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक किंवा जुनं खत घातलं की काम लवकर सुरू होतं. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास येतो, तेव्हा चाळा.

सडका वास आला तर ओल जास्त, पाचोळा वाढवा. मुंग्या झाल्या तर कोरडं झालं, पाणी शिंपडा. जाड, मातकट अळ्या वळवळताना दिसल्या की पुष्कळजण डबाच फेकून देतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, कचरा त्या फार झपाट्याने संपवतात आणि ती माशी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. कचरा पाचोळ्याखाली नीट झाका, एवढंच.

चहाचा चोथा साखर-दूध धुऊन मगच, नाहीतर मुंग्या येतात आणि मुंग्यांमागोमाग मावा, कारण माव्याचा गोड चिकटा खायला त्या त्याला सांभाळतात. अंड्याची टरफलं अख्खी टाकली तर वर्षभर तशीच राहतात, मिक्सरमधून काढा.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी सांगितलेलं जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, घरगुती प्रमाणात असं: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत, झाकण न आवळता, रोज दोनदा काठीने एकाच दिशेने ढवळायचं. ४८ तासांनी तयार, आठवड्याच्या आत संपवा. एकाला दहा पाणी घालून मुळाशी. कच्च्या खायच्या पानांवर शिंपडू नका. कोथिंबीर-पुदिन्याला द्यायचं तर तोड्यानंतर लगेच, मातीतच, आणि पुढचा तोडा आल्यावर पानं स्वच्छ धुवून घ्या.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी ताजी विष्ठा झाडाला घालू नये, मुळं जळतात. पाचोळ्यात मिसळून तीन महिने कुजवा.

आजीची_परडी

घरातल्यांत कामं वाटून घेण्याबद्दल लिहिते. 'सगळ्यांनी लक्ष द्या' म्हटलं की कोणीच देत नाही. एका माणसाकडे एक झाड, असंही करू नये, तो परगावी गेला की ते झाड गेलं. वेळेप्रमाणे वाटा. सकाळचं पाणी एकाचं, रविवारची पानं उलटून पाहणी दुसऱ्याचं, पेरणीची वही तिसऱ्याचं. पाच वर्षांच्या मुलाला लाटण्याने धणे फोडता येतात, तुळशीच्या मंजिऱ्या खुडता येतात. मंजिरी वाळू दिली की झाड निबर होतं, म्हणून हे काम दर आठवड्याला खरोखर लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना झारी आणि वही दोन्ही द्या. वहीत क्रेटचा नंबर आणि पेरल्याची तारीख एवढंच. गवती चहा मात्र मोठ्यांनीच कापावा, पातीची कड बोट चिरते.

पाणी कधी द्यायचं याला घड्याळ लावू नका. तर्जनीचं दुसरं पेर आत जाईल इतकं बोट खुपसा. माती बोटाला चिकटली तर आज नको, नुसती गार लागली तर वाफसा आहे, कोरडी भुरभुरली तर द्या.

आठवडाभर गावी जायचं असेल तर मडकं पुरा. दोन-तीन लिटरचं, कच्च्या भाजणीचं, रंग न दिलेलं. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून पाणी भरायचं आणि वर झाकण, नाहीतर डास. मुळं मडक्याच्या अंगाशी येऊन हवं तेवढं पाणी ओढतात. आधी चार दिवस घरी असतानाच करून बघा, म्हणजे किती दिवस पुरतं ते कळेल. पाझर मंदावला तर बाहेरून काथ्याने घासून घ्या, छिद्रं क्षाराने बुजतात.

नवशिकी_सई

शेवटचा प्रश्न. गवती चहाची पाती टोकाकडून वाळतात, तपकिरी ठिपके येतात. फवारा मारावा का?

जांभ्याची_माती

@सई, फवारा नको. आमच्याकडे याला पातीचा चहा म्हणतात. बेट तीन वर्षांहून जुनं असेल तर मधला भाग लाकडासारखा होतो आणि पाती बारीक, ठिपकेदार येतात. पावसाच्या सुरुवातीला सगळं बेट जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, कुदळीने उकरून काढा, मधला निबर भाग टाकून द्या. बाहेरचे मुळं असलेले फुटवे दोन-दोन करून लावा. लावताना पाती अर्धी कापायची, मुळं धरेपर्यंत पाणी कमी उडतं. तीन महिने कापायचं नाही. नंतरही बुडापासून चार-पाच इंच ठेवूनच कापा, कारण नवा कोंब त्या पांढऱ्या बुडख्यातून येतो.

कापलेली पाती सावलीत वाळवून दोन-दोन इंचांचे तुकडे करून बरणीत भरा. उन्हात वाळवली तर रंग आणि वास दोन्ही जातात. ठिपके पडलेली पाती चहात टाकू नका, त्यांचं आच्छादनही करू नका.

नवशिकी_सई

बेट चार वर्षांचं आहे. मिरगाला काढते.